घराभोवतीच्या गांधीलमाश्या: कोणती, कशी ओळखलीत? (अनुभव धागा)

पिवळं-काळं काही घोंगावलं की आपण सरसकट 'गांधीलमाशी' म्हणून मोकळे होतो. तुमच्याकडे कोणती आली, चावली का, लिहा. पोळ्याचं वर्णन जरूर द्या. माशी एका जागी थांबत नाही, पोळं थांबतं.

झुळूक
खिडकीच्या छज्जाखाली देठाला लटकलेलं करडं, कागदी पोळं. आवरण नाही, षटकोनी घरं खालून उघडी. उडताना लांब पाय लोंबत होते. म्हणजे पेपर वास्प. एक जण लाकडी फाटक कुरतडताना सापडली. जवळ कान नेला तर करकर चक्क ऐकू येते. त्याच लाकडाचा लाळेत लगदा करून पोळं बांधतात. वाटेत नव्हतं, राहू दिलं. बागेतल्या अळ्या घटल्या असं आई म्हणते. असेल.

पाचोळा
आमच्याकडे कुंभारीण! स्विचबोर्डाशेजारी मातीच्या नळ्या. एक फुटली तर आत कोळी खच्चून भरलेले, निपचित, पण एकाचा पाय हलत होता. डंख मारून लुळे केलेले, अळीची शिदोरी. कंबर म्हणजे नुसता धागा. एकटी राहते, पोळ्याची राखण करत नाही, त्यामुळे सहसा चावत नाही. उगाच मारू नका बिचारीला.

टिचकी
झाडावर फुटबॉलएवढं पोळं, सगळीकडून कागदी वेष्टण, ये-जा करायला एक भोक. माशी दांडगी, काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा. हॉर्नेट. इथे शौर्य नको. एक चिरडली तरी वास सुटतो आणि बाकीच्या चवताळून येतात. जाणकार माणसं बोलावून काढून घेतलं.

खारूताई
मला मानेवर एकीनेच दोनदा डंख मारला. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो, हिचा राहत नाही, म्हणून ती पुन्हा मारू शकते. साबणाने धुतलं, बर्फ लावला, भागलं. भावाला मात्र ओठ सुजून श्वास लागला. तडक इस्पितळात नेलं. असं झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

निवांत
भिंतीतल्या फटीतून तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या माश्या निघतात. भर उन्हात वर्दळ जास्त. कोणती?

टिचकी
@निवांत, वर्णनावरून ओरिएंटल हॉर्नेट वाटते. फट बुजवू नका, कोंडल्या तर आतून खोलीत निघतील. फोटो टाका, पण लांबूनच.