जिओजेब्राला एआय जोडलंत, मग आकृती कोण काढणार?

अर्धवर्तुळ (धागाकर्ता)

जिओजेब्रा इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेलं सॉफ्टवेअर, ज्यात एक बिंदू ओढला की त्यावर अवलंबून असलेली सगळी आकृती हलते. त्याचं वेबपानावरचं रूप बाहेरून लेखी कमांड घेतं, त्यामुळे त्याला एआय सहायक जोडता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची एक ठरावीक रीत) खुला केल्यापासून हा मधला पूल बांधणं फार अवघड राहिलेलं नाही. "वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढ" असं मराठीत लिहायचं, आकृती हजर.

माझं मत: शिक्षकांनी हे जरूर वापरावं, पण आकृती बघून खूश होऊ नये. उदाहरण देतो. केंद्र (०, ०), त्रिज्या ३, बाहेरचा बिंदू प (५, ०). स्पर्शबिंदू (१.८, २.४) येतो, स्पर्शिकाखंडाची लांबी ४. एआय पुष्कळदा काय करतो, हा स्पर्शबिंदू मनातल्या मनात काढतो, तिथे ठिपका ठेवतो आणि प-ला जोडतो. आकृती अचूक. आता प ओढा. (६, ०) वर नेलात तर त्या रेषेचं केंद्रापासून अंतर २.९८ होतं, म्हणजे डोळ्यांना अजून स्पर्शिकाच. (५, ३) वर न्या, अंतर २.०३. आता ती सरळसरळ छेदिका झाली!

कारण तो स्पर्शबिंदू रचनेतून आलेलाच नव्हता, नुसता चिकटवलेला होता. दहावीच्या पुस्तकात केंद्र आणि प जोडून त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, मध्यावरून दुसरं वर्तुळ काढायचं, ते पहिल्याला छेदेल तिथे स्पर्शबिंदू, अशी रीत आहे. तशी केली तर प कुठेही न्या, स्पर्शिका स्पर्शिकाच राहते (प वर्तुळाच्या आत नेलात तर नाहीशी होते, आणि तेही बरोबरच आहे). म्हणून जिओजेब्राच्या पडद्यावर आधी डावीकडची यादी वाचायची (कुठला बिंदू, कुठली रेषा कशी काढली ते तिच्यात असतं), मग उजवीकडचं चित्र.

कंपासपेटी

असहमत. तुम्ही रोग बरोबर ओळखलात आणि औषध भलतंच दिलंत.

ती यादी वाचून चूक कोणाला कळणार? ज्याने लंबदुभाजक स्वतः काढलाय त्याला. म्हणजे ज्याला येतं त्याचा वेळ वाचणार, ज्याला येत नाही त्याला आयतं चित्र मिळणार. बोर्डाच्या पेपरात अजून कंपासच धरायचाय, आणि भौमितिक रचनेत खरी मारामारी असते ती कच्च्या आकृतीशी. काय दिलंय, काय काढायचंय, कुठून सुरुवात करायची. हा भागच मशीनला देऊन टाकला तर मुलाच्या वाट्याला काय उरलं? ठिपका ओढायचा खेळ?

सेमीकोलन

कंपासपेटी, तुम्ही मुलांबद्दल बोलताय, धागाकर्ते शिक्षकांबद्दल. संध्याकाळी लागोपाठ बॅचेस घेणाऱ्या माणसाला जिओजेब्राच्या कमांडी पाठ करायला वेळ नसतो, म्हणून तो फळ्यावर हातानेच वाकडं वर्तुळ काढतो. त्याला मदत झाली तर कुणाचं काय गेलं?

आणि चिकटवलेल्या बिंदूचा प्रश्न सोडवता येतो. सध्या बहुतेक जण करतात ते असं: एआयने कमांड पाठवली, जिओजेब्राने "चालली" किंवा "नाही चालली" एवढं सांगितलं, संपलं. "चालली" याचा अर्थ कमांड कळली इतकाच. भूमिती बरोबर आहे की नाही, हे त्या उत्तरात नसतं. पण अख्खी रचना एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, परत वाचता येते. कुठला बिंदू मोकळा, कुठला कशावर अवलंबून, सगळं त्यात असतं. एआयलाच सांगा, रचना परत वाच, प तीन-चार ठिकाणी हलव, रेषेचं केंद्रापासूनचं अंतर दरवेळी मोज. तो स्वतःच पकडेल.

सातवा_दशांश

मोजून पकडेल? जपून. १६८५ मध्ये कोहान्स्की नावाच्या पोलिश जेझुइट धर्मगुरूने पट्टी-कंपासने जवळजवळ π एवढा रेषाखंड काढायची रीत दिली. त्याची लांबी ३.१४१५३. जिओजेब्रा मुळात दोनच दशांश स्थळं दाखवतं, तिथे हा आणि खरा π दोन्ही ३.१४. पाच स्थळं लावलीत की पितळ उघडं पडतं. मग वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढायची रामानुजनांची १९१३ची रचना घ्या, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमधली. तिच्यातून π-च्या जागी ३५५/११३ मिळतात. सहा स्थळांपर्यंत π-शी तंतोतंत, सातव्याला फरक. इथे कुठलाही बिंदू चिकटवलेला नाही, रचना अस्सल आहे, प्रत्येक मोजमाप "बरोबर" येतं आणि तरी "वर्तुळाएवढा चौरस झाला" हे विधान खोटं.

मोजणं आणि सिद्ध करणं या दोन गोष्टी आहेत. जिओजेब्रात विधान सिद्ध होतं का ते तपासणारी कमांड आहे. सगळ्या विधानांवर चालत नाही, पण शालेय भूमितीचं बरंच काही तिच्या आवाक्यात येतं. एआय जोडायचाच तर तिथे जोडा. जानेवारी २०२४ मध्ये गूगलच्या डीपमाइंडच्या अल्फाजिओमेट्री या एआयने गणित ऑलिम्पियाडची भूमितीची ३० पैकी २५ गणितं सोडवली ती याच विभागणीने. भाषेचं मॉडेल "इथे एक बिंदू घेऊन बघू" असं सुचवायचं आणि तर्काचं वेगळं इंजिन पायऱ्या सिद्ध करायचं. सुचवणाऱ्यालाच तपासायला बसवलं नव्हतं.

एसटी_स्टँड

इथे सगळ्यांकडे चोवीस तास नेट आहे असं दिसतंय. जिओजेब्रा एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं, म्हणून तर ते आमच्या शाळेपर्यंत पोचलं. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे आहेत. एआय जोडला की परत नेट आलं आणि दर महिन्याचं भाडं आलं.

शिवाय बायजूजने डिसेंबर २०२१ मध्ये जिओजेब्रा विकत घेतलं, आणि २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. जिओजेब्रा चालू राहिलं हे नशीब. आता त्याच्यावर आणखी एक कंपनी चढवून ठेवायची?

अर्धवर्तुळ

एसटी_स्टँड, नेटचा मुद्दा मान्य. पण तयार झालेली फाइल जिओजेब्राचीच असते, ती नंतर नेटशिवाय उघडते. तालुक्याला एकाने बनवली तरी दहा शाळांना पुरते.

सातवा_दशांश, तुमचं उदाहरण मी वर्गात वापरणार.

सेमीकोलन

मुलांसाठी एक उपाय सुचवतो. पुलावर एआयला कोणत्या कमांडी द्यायच्या हे आपण ठरवतो. थेट सहनिर्देशक देऊन बिंदू ठेवणं बंद, तयार स्पर्शिकेची कमांड बंद. फक्त रेषा, वर्तुळ आणि छेदनबिंदू. म्हणजे पट्टी-कंपासच. मग चिकटवायला जागाच उरत नाही.

कंपासपेटी

आणि कच्ची आकृती? ती तरीही तोच काढणार ना! हत्यारं काढून घेतलीत, डोकं त्याचंच ठेवलंत.

अर्धवर्तुळ

मग उलटं करू. रचना मुलाने करायची, एआयला फक्त वाचायचा अधिकार. एकही कमांड नाही. मूल अडलं तर "हा बिंदू कशावर अवलंबून आहे?" एवढंच विचारायचं.

सेमीकोलन

होईल, सोपं आहे. पण तो उत्तर फोडणार नाही याची हमी मी देत नाही. "सांगू नकोस" म्हटलं तरी मुलाने तीनदा विनवलं की सांगतो.

कंपासपेटी

एवढाच प्रश्न विचारायचा असेल तर बाकावर शेजारी बसलेली मुलगी पण विचारते. फुकट. आणि उत्तर तर ती मुळीच सांगत नाही.