‘ब्लँक’ला मराठीत काय म्हणावं? रिकामा, निरंक की कोरा?

विचारणा:
भूजलाचे आणि मातीचे नमुने घेणाऱ्या मुलांसाठी मराठीत सूचनापत्र लिहिते आहे. ‘फील्ड ब्लँक’पाशी अडले. आधी ‘रिकामा नमुना’ लिहिलं होतं. एका मदतनिसानं खरंच रिकामी बाटली झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून आणून दिली. चूक त्याची नव्हती, शब्दाची होती. त्या बाटलीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी विहिरीपाशी उभं राहून ओतायचं असतं. हवेतून, हातातून, बाटलीतून काही मिसळतंय का, ते त्यावरून कळतं. ‘निरंक’ चालेल का? ‘डुप्लिकेट’लाही शब्द हवा आहे.

प्रतिसाद १:
चालेल की. सरकारी तक्त्यांत रुळलेला शब्द आहे, तलाठ्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद २:
माझा ‘निरंक’ला विरोध आहे. निरंक ही तक्त्यात भरायची नोंद आहे, म्हणजे उत्तर. बाटलीवर तेच लिहिलं तर तपासणीआधीच निकाल दिल्यासारखं होतं. उद्या त्या पाण्यात शिसं सापडलं तर? ते सापडावं, लपू नये, यासाठीच तर ही बाटली.
‘कोरा’ घ्या. कोरा चहा म्हणजे चहा असतोच, फक्त दूध नसतं. सातबारा कोरा होतो तेव्हा गट नंबर, क्षेत्र, नाव सगळं जागेवर असतं, फक्त बोजा उतरलेला असतो. तसंच इथे पाणी आहे, त्यावर बोजा नाही. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘रिक्त’ वगैरे कशाला घडवायचं?

प्रतिसाद ३:
ताई, मी वीस वर्षं नमुने घेतले, ‘कोरा’ एकदम पटला. पण कोरे एकाच जातीचे नसतात, हे सूचनापत्रात यायला हवं. एक जागेवरचा कोरा, तुम्ही सांगितलात तो. दुसरा प्रवासी कोरा. प्रयोगशाळेतून भरून निघतो, बर्फाच्या पेटीत इतर बाटल्यांसोबत फिरतो आणि न उघडता परत जातो. पेट्रोल पंपाच्या टाकीखालच्या पाण्यात बेंझिन शोधताना तो हवाच, कारण उडून जाणारी द्रव्यं एका बाटलीतून दुसरीत शिरू शकतात. तिसऱ्यात धुतलेल्या बेलरवरून, म्हणजे विहिरीत सोडून नमुन्याचं पाणी काढायच्या नळीवरून, शुद्ध पाणी सोडून तेच बाटलीत धरायचं, म्हणजे आधीच्या विहिरीतलं काही चिकटून राहिलंय का ते दिसतं. याला आपल्याकडे शब्द तयार आहे: धुवण. तांदळाचं धुवण म्हणतो तसं, बेलरचं धुवण. घरात रोज वापरतात तो शब्द मुलं विसरत नाहीत.

प्रतिसाद २:
धुवण! हा मला सुचला नसता. मातीच्या खुरप्याला, जमिनीत फिरवून माती काढायच्या ऑगरलाही लागू पडतो.
आता डुप्लिकेट. ‘दुबार’ नको, दुबार पेरणी पहिली वाया गेल्यावर करतात. ‘प्रत’ नको, प्रत मुळावरून काढतात. इथे दोन्ही बाटल्या एकाच ठिकाणी, एकामागोमाग भरलेल्या, म्हणून ‘जुळा नमुना’. एकच नमुना घेऊन त्याचे दोन भाग केले तर तो ‘वाटणीचा नमुना’. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात, कलम २१ मध्ये, सांडपाण्याच्या नमुन्याचे कारखानदारासमोर दोन भाग करतात, ती वाटणी. हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

प्रतिसाद ३:
जुळ्यांचं महत्त्व आकड्यात सांगा. एका बाटलीत नायट्रेट लिटरला ४४ मिलिग्रॅम, जुळ्यात ४८. फरक ४, सरासरी ४६, म्हणजे सुमारे ८.७ टक्के. फरक मोठा नाही, पण पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. एकच बाटली घेतली असती तर विहीर चांगली की वाईट, हे कुठली बाटली हाती आली त्यावर ठरलं असतं.

विचारणारी:
मनापासून आभार. कोरा, धुवण, जुळा, वाटणीचा, चारही घेतले. ४४–४८ चं उदाहरणही घालते. आता ‘पर्जिंग’ उरलं. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी आधी काढून टाकायचं असतं, नाहीतर नमुना जमिनीतल्या पाण्याचा न होता पाइपातल्या पाण्याचा होतो. ‘शिळं पाणी उपसणे’ असं लिहिलं आहे. कुणाच्या गावात याला वेगळा शब्द असेल तर सांगा, छपाई अजून व्हायची आहे.