डोक्यातून न गेलेला तुकडा

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना पत्र्याचा एक छोटा डबा हाताला लागला. आत दोन-चार सुटी बटणं होती, ती खुळखुळली. मी तिथंच फरशीवर बसलो. बायको म्हणाली, काय झालं? काय सांगणार!

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' पाहून अकरा वर्षं झाली असतील. १९८८ चा जपानी ॲनिमेशनपट, इसाओ ताकाहाताचा. युद्धात आई गेलेली. भाऊ चौदा वर्षांचा, बहीण चार वर्षांची आणि तिच्याकडे गोळ्यांचा एक डबा. गोळ्या संपल्यावर भाऊ त्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोडसर पाणी तिला प्यायला देतो. पुढे त्याच डब्यात काय उरतं, ते पाहिलेल्यांना माहीत आहे. बाँब, आग, जळणारं शहर यातलं मला फारसं आठवत नाही. डब्याचा आवाज तेवढा राहिलाय. मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाकांची धाकटी बहीण युद्धकाळात खरोखरच उपासमारीनं गेली होती, हे नंतर वाचलं. वाचलं नसतं तर बरं, असं वाटलं. (हा सिनेमा 'माय नेबर टोटोरो'बरोबर जोडीनं प्रदर्शित झाला होता म्हणे. मुलांना घेऊन गेलेल्या आईबापांनी तो दिवस कसा काढला असेल!)

तुमचाही असा एखादा तुकडा असेल तर सांगा. अख्खी गोष्ट नको, परीक्षण तर नकोच. काय अडकलं तेवढंच. शेवट फुटणार आहेत, तेव्हा ज्यांचं पाहायचं-वाचायचं राहिलंय त्यांनी जपून.

* * *

'सैराट', २०१६. शेवटी ते लहान मूल रडताना दिसतं, पण आवाज येत नाही. मग ते चालत बाहेर जातं आणि मागे पावलं उमटतात. थिएटरमध्ये मी बऱ्यापैकी सावरले होते. दोन दिवसांनी आमचा दीड वर्षाचा मुलगा आंघोळीतून निसटून बाहेरच्या खोलीत पळाला. ओली पावलं फरशीभर. पाण्याचीच होती. मी ती पुसायला घेतली आणि पुसतच राहिले. फरशी केव्हाच कोरडी झाली होती.

* * *

मी तेरा वर्षांची असताना ॲन फ्रँकची डायरी वाचली. मीही तेव्हा डायरी लिहायचे, त्यामुळे मैत्रीणच भेटल्यासारखं वाटलं. आईचा राग, आरशात स्वतःला निरखणं, सगळं ओळखीचं. तिची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची. ती नेहमीसारखीच आहे, स्वतःच्या स्वभावाबद्दल तक्रार करणारी. पान उलटलं तर पुढे नोंदच नाही. ४ ऑगस्टला त्या सगळ्यांना पकडून नेलं. आपण शेवटचं लिहितोय, हे तिला ठाऊकच नव्हतं, याची मला धडकी भरली. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीखाली 'बाकीचं उद्या' असं लिहायला लागले. आता डायरी सुटली, पण वाण्याची यादी केली तरी खाली एक टिंब द्यायला हात धजावत नाही.

* * *

थोडा वेगळा सूर लावतो. आपण 'रडवलं' आणि 'राहिलं' यांची गल्लत करतोय असं वाटतं. मला धाय मोकलून रडवणारे सिनेमे आठवडाभरात पुसले जातात. रडलं की हिशोब मिटतो. ज्यांनी हिशोब उघडा ठेवला तेच छळतात. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडलं होतं की, अर्धवट सोडायला लावलेली कामं माणसांना पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसंच दिसलं असं नाही, पण माझ्यापुरतं ते खरं आहे. जी. एं.ची 'काजळमाया' पंचवीस वर्षांपूर्वी मिटली, अजून बंद झालेली नाही.

* * *

वरच्यांना: 'सैराट'चा हिशोब तर पुरता मिटलेलाच आहे की. तरी ती पावलं जात नाहीत.

* * *

'कोसला'तली मनी. बस.

* * *

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मी चार महिने पडून होतो. वेळ घालवायला काफ्काचं 'मेटामॉर्फोसिस' हाती घेतलं. कुणीतरी अडवायला हवं होतं. १९१५ ची ती कथा, एका सकाळी माणसाचा किडा होतो, एवढं ऐकून होतो. मला वाटलं, किळस येईल, भीती वाटेल. तसलं काही झालं नाही. बापानं फेकलेलं सफरचंद त्याच्या पाठीत रुततं आणि तिथंच सडत राहतं, तेव्हा माझी पाठ ठणकली, इतकंच. बसला तो शेवट. तो मरतो आणि घरचे कामाला सुट्टी टाकून ट्रामनं शहराबाहेर फिरायला जातात. ऊन पडलेलं असतं. आपली मुलगी केवढी छान मोठी झालीय, हे आईबापांच्या लक्षात येतं. कुणी दुष्ट नाही. सगळे फक्त सुटलेत.

त्याच रविवारी आमच्या घरची मंडळी तासभर बाहेर जाऊन आली. मीच आग्रह केला होता. जिन्यात त्यांचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, कितीतरी दिवसांनी. दार उघडल्यावर ते एकदम हळू बोलायला लागले. आज मी धडधाकट चालतो. ते हळू होणं मात्र कानात आहे, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

* * *

वरचं वाचून लिहितेय, कारण मी दाराच्या त्या बाजूला होते. बाबांना स्मृतिभ्रंश होता. 'अस्तु' मी ते असताना पाहूच शकले नाही, गेल्यावर पाहिला. मोहन आगाशेंचे शास्त्री हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. मग अमृता सुभाषची माहुताची बायको त्यांना सांभाळते. (तिला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अगदी योग्य.) तिला या माणसाचं नाव, विद्वत्ता काहीच माहीत नाही. तरी ती त्यांना भरवते, कारण समोर भुकेलेला माणूस आहे. आणि मी? मी बाबांना रोज विचारायचे, 'सांगा पाहू, मी कोण?' परीक्षाच घ्यायचे जणू. ते ओशाळं हसायचे. हसू तेच अडकलंय, सिनेमा निमित्त.

आणि तुम्ही, पाठीचं लिहिलेले: आम्ही हळू व्हायचो ते लाज वाटून हो. सुटका म्हणून नाही.

* * *

जरा हलकं होऊ या? 'जॉज', १९७५. त्यांचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गनं तो जेमतेम दाखवला आणि जॉन विल्यम्सच्या दोन सुरांवर काम भागवलं. धड दिसला असता तर कधीच विसरलो असतो. तरणतलावात शार्क नसतो, हे मला कळतं. पायांना कळत नाही. खोल बाजूला गेलो की ते आपोआप पोटाशी येतात. पोहायला शिकवणाऱ्यांनी एकदा कारण विचारलं, मी 'पेटके' म्हणालो.

* * *

मध्ये कुणीतरी विचारलंय, त्या डब्याचं काय केलं? बटणं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली. डबा परत होता तिथेच ठेवलाय, झाकण लावून.