मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात मऊ रबराचे परफॉर्मन्स टायर कुणी वापरलेत का?

नमस्कार मंडळी,

गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, २०२२ ची, १.५ टर्बो. टायर २०५/५५ आर १६, ९१ व्ही. रनिंग ४१,००० किमी. तीन टायर गाडीबरोबर आलेले, एक मधे बदललेला. आता नवे घ्यायचे आहेत. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, लातूर, विजापूर या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत. पुण्यातल्या मित्रांना विचारून झालं, पण त्यांचं ऊन वेगळं आणि आपलं वेगळं.

आधी कारण सांगतो. वडिलांना दर तीन आठवड्यांनी पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं. पहाटे साडेचारला जुळे सोलापुरातून निघतो. मे महिन्यात परत येताना शेटफळजवळ अवकाळी पाऊस आला. पहिलीच सर, त्यामुळे डांबरावरचं तेल आणि धूळ नुसती वर आलेली. पुढे कडब्याची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. माझा वेग ऐंशीच्या आत होता. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं, पण गाडी थांबेचना, घसरत पुढेच चालली. थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रॉलीच्या फळीत हातभर अंतर होतं. वडील पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. त्यांनी डॅशबोर्डवर टेकवलेला हात सावळेश्वरचा टोलनाका येईपर्यंत काढला नाही. एक शब्द बोलले नाहीत, फक्त हात तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये बसून टायर नीट बघितले. नक्षी साडेतीन मिमी शिल्लक आहे. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतो, म्हणजे कुणीही म्हणेल अजून वर्षभर ओढा. पण अंगठ्याचं नख रुतवून बघितलं तर रुततच नाही. चपलेचा जुना तळ लागावा तसं लागतं. खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत, कोरड्या पडलेल्या ओठांसारख्या. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, चौथा उन्हाळा आहे. माझी समजूत अशी झाली आहे की हा टायर झिजून संपला नाही, उन्हाने वाळून संपला. बरोबर आहे का?

आता परफॉर्मन्स टायरबद्दल. आधी माझाही गैरसमज होता की ‘समर टायर’ म्हणजे उन्हाळ्यासाठी खास बनवलेला. तसं नाही. थंड देशांत हिवाळ्याचा टायर वेगळा असतो, त्याच्या तुलनेत हे नाव आलं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की समर टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते, म्हणून तिकडे थंडीत टायर बदलतात. आपल्याकडे ती वेळ येत नाही, त्यामुळे आपण सगळेच बारा महिने समर टायरच वापरतो, नाव न घेता. यातले वरच्या श्रेणीचे, म्हणजे मिशलिन पायलट स्पोर्ट ४, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ वगैरे, ओल्या रस्त्यावर लवकर थांबतात असं सगळीकडे वाचतो. रबरात सिलिका असते, त्याने ओल्यात पकड वाढते हेही समजलं. मला वेग नकोय. मापापुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. यातला एकही आकडा माझ्या कामाचा नाही. मला पावसात ट्रॉलीच्या दोन गाड्या अलीकडे थांबायचंय, बस.

भीती दोन गोष्टींची आहे. पहिली उन्हाची. एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४३-४४ अंश, दुपारी डांबराला हात लावता येत नाही. अशा रस्त्यावर मऊ रबर खडूसारखं झिजणार नाही ना? दुसरी साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची. गेल्या वर्षी जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, होटगी रोडला खोदलेल्या चरात मागचं डावं चाक आपटलं. आठवड्याने टायरच्या बाजूला फुगा आला, टम्म फुगलेल्या पुरीएवढा. टायर फेकावाच लागला. शहरातल्या एका दुकानातून घाईत एक नवा घेतला. चार महिन्यांनी साइडवॉलवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचायला शिकलो तेव्हा कळलं की तो जवळजवळ तीन वर्षं दुकानात पडून होता. पैसे नव्याचे मोजले. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मला विचारायचं माहीत नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

तर ज्यांनी असे टायर स्वतः चालवलेत त्यांनी सांगा: किती किलोमीटर गेले, फुगे किती आले, आणि पावसात खरंच फरक जाणवतो का? शिवाय एका ओळखीच्यांनी २१५/५५, म्हणजे थोडे रुंद टाका, गाडी रस्त्याला जास्त धरून राहते असं सुचवलंय. टाकावेत का?

प्रतिसाद १ (विजापूर रोडहून)

तुमच्याच मापाचे टायर, माझी स्लाव्हिया १.५ आहे. सव्वादोन वर्षांत २७,००० किमी झाले. कंपनीचं नाव लिहिलं की धागा भलतीकडे जातो, म्हणून एवढंच सांगतो की वरच्या श्रेणीतला स्पोर्ट टायर आहे.

पावसातला फरक पहिल्याच दिवशी कळला. तळे हिप्परग्याजवळ कुत्रं आडवं आलं, मी सवयीने आधीच पोटात गोळा आणून ब्रेक मारला आणि गाडी माझ्या अंदाजाच्या बरीच अलीकडे थांबली. आपल्याकडे जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा हायवेवर उतारावर पाणी साठतं. तिथेही स्टिअरिंग हलकं पडत नाही.

झीज मात्र आहे. जुन्या टायरनी ५०,००० दिले होते, हे ३५,००० च्या पुढे जातील असं वाटत नाही. पेट्रोलही थोडं जास्त लागतं. आणि वेडी बाभूळ! गावाकडच्या रस्त्याला उतरलो की मऊ रबरात काटा सहज घुसतो. हवा एकदम जात नाही, दोन दिवसांत चाक बसतं. मी डिकीत हवा भरायचा छोटा पंप ठेवतो.

प्रतिसाद २ (टायरच्या धंद्यातला माणूस)

आमचं दुकान वडिलांपासून आहे, जिल्ह्यात. जाहिरात करायची नाही म्हणून नाव नाही.

दादा, तुमची समजूत बरोबर आहे. आपल्याकडे कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी वाळतात. सूर्यप्रकाश आणि हवेतला ओझोन रबराला बाहेरून खातो. नक्षी बघून लोक समाधान मानतात, भेगा कुणी बघत नाही.

पण उन्हाळ्यात टायर फुटतात ते मऊ रबरामुळे नाही, कमी हवेमुळे. दर एप्रिलला गिऱ्हाईक येऊन सांगतं, “ऊन वाढलंय, चार पॉइंट कमीच भरा.” हे उलटं आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते, त्या वाकण्यानेच आतून तापते आणि हायवेला तासाभराने फुटते. दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाआतल्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच भरायचा, सकाळी, गाडी गार असताना. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की प्रेशर एक पीएसआय (आपण ‘पॉइंट’ म्हणतो ते) वाढतं. तुम्ही पहाटे २४ अंशांत ३३ भरून निघालात तर दुपारी ३८ दिसणारच. ते धरूनच टायर बनवलेला असतो. तापलेल्या टायरची हवा सोडू नका. नायट्रोजनचंही विचारतात सगळे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला दोनदा गेज लावा, त्याचा जास्त उपयोग आहे.

तारखेचं: साइडवॉलवर डॉट (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसते, म्हणून चाकावर चढवण्याआधी बघायचं. चारही टायर सहा महिन्यांच्या आतले मागा, नसतील तर मागवून द्या म्हणा. कुठलाही सरळ दुकानदार चिडणार नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा पक्कं बिल घ्या.

प्रतिसाद ३ (बार्शीहून)

तुमची गोष्ट वाचून काळजात धस्स झालं. माझे सासरे असेच माझ्याबरोबर उपचारांना येतात, त्यामुळे तुमची गरज नेमकी कळली.

माझं थोडं वेगळं मत. तुम्हाला वळणावर गाडी चिकटून राहायला नकोय, ओल्यात लवकर थांबायला हवंय. मग अगदी स्पोर्टच्या मागे का लागता? मिशलिन प्रायमसी ४ एसटीसारखा टूरिंग, म्हणजे लांबच्या आरामशीर प्रवासाचा टायर बघा. ओल्यात पकड चांगली, आवाज कमी, आणि वडिलांना खड्ड्यातले हादरे कमी बसतील. स्पोर्ट टायरची साइडवॉल कडक असते, आजारी माणसाला अडीचशे किलोमीटर बसवून नेताना ते जाणवतं. मी दोन्ही चालवलेत, म्हणून ठामपणे सांगते.

२१५/५५ नको. हिशोब करून बघा: २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिमी, २१५/५५ चा ६४३. चाक ११ मिमीने मोठं होतं, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास पावणेदोन टक्के कमी दाखवायला लागतो, आणि इन्शुरन्सवाल्यांना प्रश्न विचारायला निमित्त मिळतं. कंपनीचंच माप ठेवा. लोड इंडेक्स ९१ पेक्षा कमी घेऊ नका, ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो.

धागाकर्ता

तिघांचे मनापासून आभार. आज पहाटे गेज लावला. चार चाकांत ३३, ३२, ३३ आणि मागच्या उजव्यात २६! डोळ्यांनी बघून चारही सारखेच वाटत होते. त्या चाकाला साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे. म्हणजे त्या दिवशीची घसरण एकट्या कडक रबराची नसावी.

बार्शीच्या ताईंचं हादऱ्यांबद्दलचं म्हणणं पटलं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, “मला हादरे चालतील, तू थांबव म्हणजे झालं.” तरी टूरिंगकडेच कल आहे. एक शंका राहिली. बजेटमुळे सध्या दोनच घेतले तर पुढे टाकू ना? गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना.

प्रतिसाद ४ (टायरच्या धंद्यातला माणूस)

नाही दादा, नवे दोन मागे. इथे सगळे चुकतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि साध्या चालवणाऱ्याला सावरता येत नाही. पण तुमच्या पुढच्या दोन्ही टायरना भेगा आहेत, तेव्हा जमलं तर चारही घ्याच. व्हॉल्व्ह चारही नवे टाका, शंभर-दीडशेचा प्रश्न आहे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच दिवशी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमाने चालवा, नव्या टायरवरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.

धागाकर्ता

चारही घेतले, टूरिंग. एक हप्ता पुढे ढकलला. पहिल्या दुकानात तीन टायर नवे आणि एक दीड वर्षापूर्वीचा निघाला, मी परत केला. दुसरीकडे दोन दिवस थांबून चारही एकाच महिन्यातले मिळाले. चढवण्याआधी मुलाने मोबाइलचा दिवा धरून आकडे मोठ्याने वाचले, चारही वेळा. व्हॉल्व्ह नवे, गार असताना ३३.

काल संध्याकाळी विमानतळाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर मागेपुढे कुणी नाही बघून चाळीसवर दोनदा ब्रेक मारून बघितला. रस्ता कोरडाच होता. पावसातलं खरं काय ते पाऊस आल्यावर लिहीन. पुढच्या गुरुवारी पहाटे वडिलांना घेऊन निघतोय, भिगवणपर्यंत ऐंशीच्या वर जाणार नाही.