कविता लिहिणारे आमचे सर, आमच्या बाई

अबोली:
माळा आवरताना एफ.वाय.ची ट्युटोरियलची वही सापडली. रसग्रहणाखाली सरांचा लाल शाईतला शेरा : "अर्थ बरोबर. ओळ मोठ्याने वाचून पाहिलीस का?" सर स्वतः कवी, पण वर्गात स्वतःची एकही कविता कधी वाचली नाही. त्यांचा संग्रह आलाय हे आम्हाला कळलं ते ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकांच्या कपाटामुळे. दिवसभर तास, रात्री पेपरांचे गठ्ठे, मग लिहायचे कधी? तुम्हाला असं कुणी शिकवायला होतं का? लिहा ना.

शेवगा:
आमच्या बाई! कवितेतली लघु-गुरू अक्षरं बाकावर बोटांनी वाजवून घ्यायच्या. भुजंगप्रयात वृत्त अजून बोटांत आहे.

रानवाट:
ओळीत चार 'य' गण, बारा अक्षरं. गण लक्षात ठेवायचं सूत्र, यमाताराजभानसलगं!! आमच्या बाबांनी पाठ करून घेतलं होतं, भाजी निवडता निवडता.

पिंपळपान:
विंदा करंदीकर. शिकवायचे इंग्रजी, मुंबईच्या रुईया कॉलेजातही, कविता मराठीत. मावशी रुईयातच होती, पण ते तिथून गेल्यावर. अजून हळहळते. २००३चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा पंच्याऐंशी उलटून गेली होती, पुरस्काराची रक्कमही समाजकार्याला देऊन टाकली. माझी लेक त्यांच्या बालकवितांवर वाढली, 'एटू लोकांचा देश' अजून उशाशी असतं. बाकी रात्री लिहिते, कुकर झालाय.

मीरा_क:
शांताबाई शेळके राहिल्या की! आधी अत्र्यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात, मग नागपूरला हिस्लॉप कॉलेजात, नंतर मुंबईत रुईया आणि परळचं महर्षी दयानंद कॉलेज. शिकवता शिकवता कविता, गाणी, 'मेघदूता'चा अनुवाद. 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिलेली गाणीही त्यांचीच.

शेवगा:
काय सांगता! मी इतकी वर्षं डॉक्टरसाहेब वेगळे समजत होते.

मीरा_क:
खूप जणांना तसंच वाटतं 🙂

रानवाट:
अबोलीताई, सर आहेत का अजून?

अबोली:
नाहीत हो. चार वर्षं झाली. भेटायला जायचं जायचं म्हणता राहूनच गेलं, ते फार लागतं.

पिंपळपान:
अगं... माझंही एका बाईंच्या बाबतीत असंच झालंय. संग्रह आहे का तुझ्याकडे?

अबोली:
नाही. ग्रंथालयातलाच वाचला होता, दोनदा नूतनीकरण करून.

शेवगा:
नाव मेसेज कर. आमच्या इथे जुन्या पुस्तकांवाले आजोबा आहेत, उद्या विचारते. माळा झाला का आवरून?

अबोली:
कुठला! वही घेऊन शिडीवरच बसलेय.