कोल्ह्याला धोतर नेसवलं तर त्याची टाच कुठे काढायची?

शिसपेन्सिल

मुलांच्या गोष्टींच्या एका पुस्तकासाठी चित्रं करते आहे. निळीच्या पिंपात पडून जंगलाचा राजा झालेल्या कोल्ह्याची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. माझा कोल्हा दरबारात दोन पायांवर उभा आहे, अंगात धोतर, डोक्याला पागोटं. मागच्या आठवड्यात चित्र परत आलं. समासात शेरा होता : गुडघे उलटे वाकलेत, पाय सरळ करावेत.

ते गुडघे नाहीतच, ती टाच आहे. हे मला इथे सविस्तर लिहायचं आहे, कारण हा शेरा मला पहिल्यांदा मिळालेला नाही.

कुत्रा, मांजर, कोल्हा चवड्यांवर चालतात. उंच फळीवरचा डबा काढताना आपण चवड्यांवर उभे राहतो, तेव्हा आपला पाय जसा होतो तसा यांचा कायमच असतो. यांचा खरा गुडघा वर, पोटाजवळ, कातडीच्या घडीत अर्धा झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोडा याच्याही पुढे गेला. एकेका पायाला एकच बोट, त्या बोटाच्या टोकावर अख्खं अंग, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. अस्वल मात्र आपल्यासारखा पूर्ण तळवा टेकवतं, म्हणून उभं राहिलेलं अस्वल लांबून माणूस वाटतं. हाडं तीच आहेत, त्यांची लांबी आणि जमिनीला टेकायची जागा बदलली आहे.

चित्रकारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. लिओनार्दोने माणसाचा पाय आणि घोड्याचा पाय शेजारी शेजारी काढून सांधा सांध्याला जुळवून पाहिला. इंग्लंडमधल्या जॉर्ज स्टब्जने लिंकनशायरच्या एका खेड्यात राहून सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड केली, थरावर थर सोलत चित्रं काढली आणि १७६६ मध्ये ती छापली. म्हातारपणी त्याने माणूस, वाघ आणि कोंबडी यांची शरीरं शेजारी ठेवून तुलना करायला घेतली. ते काम चालू असतानाच १८०६ मध्ये तो गेला. ही तुलना हाताखालून गेल्याशिवाय प्राण्याला माणूस करायला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. माणसाच्या धडावर कोल्ह्याचं मुंडकं ठेवलं की तो मुखवटा घातलेला माणूस होतो. कोल्हा त्यात उरत नाही.

आणखी एक सल बोलून टाकते. आपल्या कितीतरी पुस्तकांत कोल्हा म्हणून लालभडक, पांढऱ्या टोकाच्या झुपकेदार शेपटीचं जनावर असतं. तो युरोपातला खोकड. आपला कोल्हा मळकट सोनेरी, शेपूट आखूड, टोकाला काळं. मुंबई-नवी मुंबईच्या खारफुटीत तो अजून आहे. खारघरच्या खाडीकाठी मी पहाटे दोनदा पाहिला आहे, आणि पाहिल्यावर पहिलं लक्षात राहिलं ते त्याचं पाऊल. टाच कधीच खाली येत नाही.

तुमची मतं हवी आहेत. विरोधातली जास्त.

बोरू

विरोधातलं मागितलंत, मन:पूर्वक देतो.

विदिशेजवळ उदयगिरीला पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा नृवराह आहे. डोकं रानडुकराचं, मानेखाली सगळा माणूस, सुळ्याला धरून लोंबलेली पृथ्वी. डावा पाय नागाच्या वेटोळ्यावर रोवलेला आहे. तुमच्या नियमाने त्याला खूर काढले असते, टाच हवेत ठेवली असती, तर तो पाय रोवणार कसा? सगळं बळ त्या सपाट तळव्यातून येतं. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातला नरसिंहही तसाच, हात माणसाचे, पाय माणसाचे. त्या शिल्पकारांना जनावरं ठाऊक नव्हती असं कुणी म्हणणार नाही. त्याच लेण्यांमधले हत्ती आणि बैल पाहा, हाडन् हाड कळतं. म्हणजे माहीत असून त्यांनी माणसाचे पाय निवडले.

तुमच्या संपादकांचा शेरा चुकीच्या शब्दांत असेल. पण सहा वर्षांच्या मुलाची नजर त्या पायावर अडली, तर गोष्ट तिथेच थांबते. ते तुमच्या शरीरशास्त्राने भरून येत नाही.

मातीकाम

पेणची आहे, घरात तीन पिढ्या गणपतीचं काम. बोरूदादा, तुमचं निम्मं पटलं.

हत्तीला मान जवळपास नाहीच, आणि गणपतीलाही आम्ही मान देत नाही. डोकं थेट छातीवर बसतं, कान खांद्यांवर येतात, त्यामुळे माणूस संपून हत्ती कुठे सुरू झाला ती जागाच दिसत नाही. दिसली की मूर्ती फसली. सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ एकत्र. तिचं मूळ डोळ्यांच्या मधून उतरायला हवं. नवीन पोरं ते खाली घेतात, मग नळी चिकटवल्यासारखी दिसते, रंग कितीही चांगला असो. गंडस्थळाचे दोन उंचवटेही तसेच, ते अंदाजाने होत नाहीत.

आता चार हात. मागच्या दोन हातांना फरा, म्हणजे खांद्याचं पातं, कुठून आणणार? पाठीत जागाच नाही. आजोबा सांगायचे, हाड नसलं तरी काखेची घडी दे. ती घडी खरी पडली की डोळा हाडाची चौकशी करत नाही. म्हणून शिसपेन्सिलताई, सगळा सांगाडा खरा हवा हे मला मान्य नाही. जिथे वाकतं तिथली कातडी आणि कापड खरं हवं.

गोठेवाला

पेशाने जनावरांचा डॉक्टर. चित्रकलेतलं कळत नाही, पण धागाकर्तीने अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

टाचेचं बरोबर. गावाकडे गाईच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला सगळे गुडघा म्हणतात, ते तिचं मनगट आहे, हेही त्यात घाला. पण नुसती टाच खरी ठेवून बाकीचं माणसाचं केलं तर ते खरं शरीर झालं का? कुत्र्या-कोल्ह्याला आपल्यासारखा कॉलरबोन नसतो. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. छाती अरुंद आणि खोल, फरे दोन्ही बाजूंना. आपली छाती रुंद आणि चपटी, फरे पाठीवर. तुमचा राजा सिंहासनावरून दोन्ही हात पसरून आशीर्वाद देत असेल तर ते त्याला जमणार नाही. नमस्कार जमेल, कारण पुढे-मागे हलणं हेच त्या पायांचं काम.

पुढे कंबर. आपल्याला नितंब आहेत ते ताठ चालण्यासाठी. कोल्ह्याचा कटिभाग लांबट आणि चिंचोळा. त्याला तसाच उभा केला तर गुडघे वाकलेलेच राहतील आणि तोल पुढे जाईल.

खरंच जन्मभर दोन पायांवर चाललेल्या जनावराची नोंद आहे. पुढचे पाय नसलेलं एक बोकड मागच्या पायांवर उड्या मारत जगलं, साधारण वर्षभराचं होऊन मेलं. स्लाइपर नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने त्याची तपासणी करून १९४२ मध्ये ती मांडली. छातीचा आकार बदललेला, कटिभागाची हाडं वेगळी, मागच्या स्नायूंची बांधणी वेगळी. जन्मापासून तसं चाललं म्हणून शरीराने स्वतःला बदललं. तेव्हा दोन पायांचा कोल्हा हवा असेल तर चार पायांच्या कोल्ह्याचा सांगाडा नुसता उभा करून चालणार नाही. तो कोल्हा लहानपणापासून उभाच वाढला असता तर कसा झाला असता, ते काढा.

शिसपेन्सिल

डॉक्टर, हे मी वहीत उतरवून घेतलं. छातीच्या बाबतीत माझं चुकलंच. मी त्याला पैलवानाचे खांदे दिले होते. आता काढते ते अरुंद, कोपर बरगड्यांना लागून.

बोरू, तुमच्या नृवराहाला माझा नमस्कार. पण तो देव आहे. पाय रोवणं हाच त्याचा प्रसंग आहे. माझा कोल्हा खोटा राजा आहे. त्याच्या पायाखाली काहीच रोवलेलं नाही.

फ्रेममोजणी

पुण्यात ॲनिमेशनमध्ये आहे, बारा वर्षं. मी बोरू यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे.

माणसाची चाल टाचेपासून सुरू होते. टाच टेकते, वजन तळव्यावरून फिरतं, अंगठा ढकलतो. थकलेला, ऐटीतला, रागावलेला, सगळा स्वभाव आम्ही त्या टाच टेकण्याच्या वेळेतून आणतो. टाच हवेत गेली की तो शब्दकोशच हातातून जातो. चवड्यांवर चालणारी पात्रं मी केली आहेत. त्यांचं वजन जाणवत नाही, ती तरंगतात, आणि दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

दुसरं म्हणजे तोंड. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावे लागतात, ऊ आणि ओ म्हणताना चंबू. कोल्ह्याचं तोंड गालापर्यंत फाटलेलं, ओठ सैल, त्यांचा चंबू होत नाही. अगदी खरं तोंड ठेवलं तर तो आपली भाषा बोलताना ते आवाज कुठून तरी मागून आल्यासारखे वाटतात. तिथे खोटं करावंच लागतं. भुवयांचंही तेच. कुत्र्याला आतली भुवई वर उचलणारा स्नायू असतो, लांडग्यात तो जवळपास नाही, हे २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. कोल्ह्याची करुण नजर हवी असेल तर ती कुठून तरी उसनी आणणारच ना?

एकदा उसनं घ्यायचं ठरलं की मग पायच का सोडायचे?

मातीकाम

कारण उसनं घेतलेलं दिसू नये, एवढंच. तोंडात ते खपतं, मुलं तोंडाकडे बोलणं ऐकायला बघतात. पायाकडे तो कोण आहे ते ओळखायला बघतात.

सावलीतली शाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. मुलाची नजर पायावर अडेल, असं बोरू म्हणाले. काल वर्गात मुद्दाम सांगितलं, धोतर नेसलेला कोल्हा काढा. अठ्ठावीस मुलं. बऱ्याच जणांनी काड्यांसारखे सरळ पाय काढले हे खरं. पण ज्यांच्या घरी गुरं आहेत, त्यातल्या काहींनी मागचा पाय वाकवून काढला, कुणी न सांगता. एकाला विचारलं, हा पाय असा का? तो म्हणाला, "कुत्र्याचा असाच असतो ना बाई." त्याने पायाची जागा चुकवली होती, वाक बरोबर होता.

त्या मुलाला पुस्तकात सरळ पाय दाखवून आपण त्याचं पाहिलेलं खोडून काढतो. मला ते नको वाटतं.

बोरू

बाई, हे वाचून मी थांबलो. तरी माझं मत तेच आहे, फक्त कारण नीट सांगतो. त्या मुलाने कुत्रा आठवून काढला, त्याला कुणी सांगाडा दाखवला नव्हता. मला भीती आहे ती उलट प्रकारची. हल्ली जी उभी जनावरं पडद्यावर दिसतात, त्यात एकेक केस आणि एकेक स्नायू मोजलेला असतो आणि चेहरा मेलेला. हाडं अचूक असूनही पात्र निर्जीव राहतं. शिसपेन्सिल त्या वाटेने जातील असं नाही, पण नियम म्हणून मांडला की दुसरं कुणी जातंच.

शिवाय हे नवीन नाही. जर्मनीत १९३९ मध्ये गुहेत सापडलेला सिंहमानव मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला आहे, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा, उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर. ज्याने तो कोरला त्याच्याजवळ कुठलं शरीरशास्त्राचं पुस्तक होतं?

शिसपेन्सिल

पुस्तक नव्हतं, पण सिंह समोर होते. आणि त्याचे पाय नीट पाहा, तो चवड्यांवर उभा असल्यासारखा आहे. इतक्या जुन्या हातालाही टाच उचलावीशी वाटली, हे माझ्या बाजूचं आहे.

फ्रेममोजणी, तुमचा मुद्दा दोन दिवस डोक्यात होता. टाच नसली की वजन नाही, पात्र तरंगतं. माझ्या राजाला नेमकं तेच हवं आहे. चोर चवड्यांवरच चालतो. सगळ्या दरबारात वाघ, हत्ती, अस्वल बसलेत, त्यात हा एकटा असा उभा की कुठल्याही क्षणी पळेल. टाच खाली आणली तर तो खरा राजा दिसायला लागेल.

आणि गोठेवाले डॉक्टर, तुम्हाला एक विचारायचं होतं. शेवटच्या पानावर तो कोल्हेकुई करतो आणि उघडा पडतो. तिथे मान कशी घेऊ?

गोठेवाला

आपली कवटी मणक्यावर वरून ठेवल्यासारखी असते, मज्जारज्जूचं भोक खालच्या बाजूला. कोल्ह्याचं ते भोक मागच्या बाजूला. म्हणून त्याचा कणा उभा केला आणि मान कण्याच्या रेषेत ठेवली, तर तोंड आकाशाकडे जाईल. समोर बघायला त्याला मान सतत पुढे मोडून ठेवावी लागेल. तुमचा राजा दरबारात तसाच बसलेला असणार, मान दाबून. कोल्हेकुई करताना ती सुटेल आणि डोकं, गळा, कणा एका रेषेत येतील. त्या शरीराला तेच सोपं आहे.

फ्रेममोजणी

डॉक्टर, हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पायांबद्दल मी अजून तिथेच आहे. पण मानेचं मी उचलतो.

मातीकाम

ताई, शेपटीचं काय केलंत? चित्र बघितलं त्यात काष्टा आणि शेपूट एकमेकांवर आलेत. काष्टा कंबरेला खोचतात, शेपूट माकडहाडापासून, म्हणजे त्याच्या चार बोटं खाली. निऱ्या शेपटीवरून नेल्या तर मागे तंबू होणार.

सावलीतली शाळा

माझी आजी गोठ्यात वाकताना काष्टा आवळून एका बाजूला घ्यायची. निऱ्या शेपटीच्या डावीकडून नेऊन वर खोचा. शेपूट उजवीकडून मोकळी राहील.

शिसपेन्सिल

डावीकडून करून पाहते. पण शेपूट मुळाशी किती जाड असते ते मी दोन्ही वेळा नीट पाहिलेलं नाही, लक्ष पावलांकडेच होतं. रविवारी पहाटे पुन्हा खाडीवर जाते. ओहोटी कधी आहे ते बघून निघेन.