जायबंदी गोविंदावरचा माहितीपट ‘तो उभा राहिला’ इथेच संपायला हवा का?

आडवाट (धागाकर्ता)

दहीहंडीचा थर कोसळून मानेच्या मणक्याला इजा झालेल्या मुंबईतील एका तरुणावर आमचा छोटा गट वीस मिनिटांचा माहितीपट करीत आहे. निम्म्याहून अधिक चित्रीकरण झाले आहे आणि शेवट कोणता असावा यावरून गटात दोन तट पडले आहेत. निधी उभा करणाऱ्या मित्रांना वाटते, की अखेरच्या दृश्यात तो उभा राहिलेला दिसावा. माझा याला ठाम विरोध आहे.

फिजिओथेरपीच्या खोलीत तो उभा राहतो, पण स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे शरीराला आधार देऊन उभे धरणाऱ्या चौकटीत, छातीला आणि गुडघ्यांना पट्टे बांधून. हाडांवर भार यावा, रक्ताभिसरण सुधारावे आणि पायांचा ताठरपणा कमी व्हावा यासाठी हा व्यायाम असतो. ती चालण्याची पहिली पायरी नव्हे. संगीताची जोड देऊन हेच दृश्य शेवटी ठेवले, तर पाहणारा ‘बरा झाला’ असे समजून निश्चिंत मनाने उठेल. त्याचा दिवस मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतो: रात्री दर दोन-तीन तासांनी कोणी कूस बदलून दिली का, लघवीची नळी वेळेवर घातली गेली का, माकडहाडापाशी शय्याव्रण होऊ लागला आहे का, आणि चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून व्हीलचेअर उतरवायला चार माणसे घरी आहेत का. ऑस्ट्रेलियातील पत्रकार स्टेला यंग, ज्या स्वतः व्हीलचेअर वापरत, २०१४ मधील एका व्याख्यानात म्हणाल्या होत्या की जिन्याकडे बघून कितीही हसले तरी त्याचा रॅम्प होत नाही. आमच्या माहितीपटात तो जिना दिसला पाहिजे, असे माझे मत आहे.

धाकटी पाती

मला आपले म्हणणे पटत नाही. माझे थोरले बंधू बांधकामावरून पडून कमरेखाली लुळे झाले, त्यामुळे हे मी घरातून पाहिलेले आहे. पहिल्या वर्षी त्यांना जेवायला बसवणेसुद्धा कठीण होते, कारण जगायचे कशासाठी हा प्रश्न त्यांच्या मनातून जात नव्हता. त्या काळात पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची हकीकत आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकतो, हे ऐकून भाऊ पहिल्यांदा कुशीवर वळायला स्वतःहून तयार झाले. ‘प्रेरणा’ या गोष्टीला आपण इतके सहज नाकारू नये. शिवाय लोक पैसे देतात ते आशा पाहून, आणि चांगली गादी, व्हीलचेअर, दिवसाची मदतनीस बाई हे सारे त्या पैशांतूनच येते.

मणका

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाकटी पाती यांची भावना समजते, तरीही एका गोष्टीकडे दोन्ही बाजूंचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. मज्जारज्जूची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. इजेच्या खाली थोडी जरी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर सुधारणेची शक्यता पुष्कळ वाढते, आणि ही सुधारणा बहुतेक पहिल्या वर्षाच्या आत दिसते. माहितीपटांत हा भेद सांगितलाच जात नाही. मग पूर्ण इजा झालेल्या मुलाचे वडील मोबाइल पुढे करून विचारतात, ‘हा चालला, मग आमचा का नाही?’ आणि मुलाला वाटू लागते की आपणच जिद्दीत कमी पडलो. शेवट कोणताही ठेवा, पण इजा कोणत्या प्रकारची आहे हे एका वाक्यात तरी सांगा.

आणखी एक, अगदी व्यवहाराची सूचना. मानेच्या इजेनंतर शरीराच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे प्रखर दिव्यांखाली ताप चढू शकतो. मूत्राशय भरलेले राहिले, तर रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दृश्य पुन्हा घेण्यासाठी नळीची वेळ पुढे ढकलू नका.

पथकप्रमुख

धाग्याच्या विषयाला सोडून नाही, म्हणून लिहितो. माहितीपट शेवटी मंडळांवर ठपका ठेवणारा होईल, अशी मला भीती वाटते. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीला २० फुटांची मर्यादा आणि गोविंदांना किमान १८ वर्षांची अट घातली. २०१७ मध्ये उंचीचा प्रश्न सरकारकडे गेला आणि वयाची अट १४ वर आली. नियम बदलत राहिले आणि आम्ही ते पाळत आलो. जखमी मुलाच्या घरी वर्षानुवर्षे जाणारे सवंगडीही दाखवा.

चाके

मी स्वतः व्हीलचेअर वापरते आणि मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. नळी दाखवायची की उभे राहणे दाखवायचे यावर इतकी चर्चा झाली, तरी त्या तरुणाचे म्हणणे अजून कोणीच लिहिलेले नाही. ८ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दृश्यमाध्यमांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अपंग व्यक्तींना निर्मितीतच सहभागी करून घेण्यावर भर आहे. रुग्णालयातील खाटेवर घेतलेली सही ही कायमची संमती मानू नका. अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यांत माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो, कारण भेटायला येणारे तुटतील ही धास्ती असते. पाच वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर समोरच्याने आपले अंतर्वस्त्र बदलतानाचे दृश्य पाहिलेले असावे, हे आपल्यापैकी किती जणांना चालेल? आणि त्याच्या वेळेचे मानधन द्या. कॅमेरावाल्याला देता, तसेच त्यालाही.

आडवाट

मणका यांची सूचना मी गटासमोर ठेवली असून ती मान्य झाली आहे. मानधनाची रक्कम निधीतून पहिल्यांदा बाजूला काढली जाईल.

चाके यांच्या प्रश्नाचे उत्तर असे: त्याला कच्चे संकलन दाखवले. नळीचे दृश्य काढा, असे त्याने सांगितले आणि ते निघाले. जिना ठेवायला त्याची हरकत नाही. मात्र स्टँडिंग फ्रेमचे दृश्य शेवटी हवे, हा त्याचाही आग्रह आहे, कारण आईने ते पाहावे असे त्याला वाटते. पट्टे स्पष्ट दिसतील अशा कोनातून, संगीताशिवाय, ते ठेवायला मी तयार आहे. संगीताशिवाय ते त्याला मान्य नाही.

चाके

मग संगीत ठेवा. पट्ट्यांबद्दल मात्र माघार घेऊ नका.